गेटापासून तीन फूट

मार्केट यार्डाच्या गेटावर मी सेसची पावती फाडतो,
एकोणीस वर्षं झाली.
शंभराला किती पैसे, हे माझ्या अंगठ्याला पाठ आहे,
कायदा मात्र या आठवड्यात पहिल्यांदा वाचला.

सोमवारी दिल्लीचा कागद आला:
यार्डाच्या भिंतीबाहेर जे काही आहे
ते सगळं व्यापार क्षेत्र.
तिथं सेस नाही, परवाना नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही.
गुरुवारी मुंबईचा आला:
सोमवारच्या कागदाला स्थगिती, बाजार हा राज्याचा विषय.
दोन्हींवर 'तात्काळ' असा शिक्का.

समितीच्या वकीलबाई, सुलभा इंगवले,
चहावर साय धरेपर्यंत समजावत होत्या:
राज्याच्या सूचीत अठ्ठाविसावी नोंद, बाजार आणि जत्रा;
समवर्ती सूचीत तेहेतिसावी, खाद्यवस्तूंचा व्यापार.
"आणि गूळ?"
"विकायला मांडला की अठ्ठावीस,
तोंडात टाकला की तेहेतीस."
त्या हसल्या नाहीत. म्हणून मीही नाही.

शुक्रवारी जिनगोंडा मगदुमांनी ट्रक
गेटापासून तीन फूट बाहेर लावला.
शेजारी काटा मांडला, नवाकोरा, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.
माल यार्डातल्या शीतगृहातला,
सौदा म्हणे फुटपाथवरचा.
मी म्हणालो, गूळ आत होता.
ते म्हणाले, काल होता. आज तो निघालाय.
आणि मोबाईलवर कलम वाचू लागले,
मी माझ्या कागदावरचं,
दोघंही मोठ्यानं, शाळेत पाढे म्हणावेत तसे.

मग ते मध्येच थांबले. म्हणाले,
"माझा आज्जा संस्थानाच्या काळात
कुरुंदवाडला गूळ न्यायचा बैलगाडीनं.
नाक्यानाक्यावर जकात. एकच रवा वाटेत तीनदा परका व्हायचा.
भिंत दिसली की आमच्या घराण्याला ठसका लागतो, कारकून."
याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
यार्डातले दिवे सेसवर जळतात, एवढंच सुचलं,
आणि सकाळचे दहा वाजले होते.

या सगळ्यात इलाही नायकवडी मधोमध उभा,
पाठीवर तीस किलोचा रवा.
"आत टाकला तर हमाली बोर्डात पडती, फंड कापतोय.
भाईर टाकला तर रोख,
आन् पाठ मोडली तर माझी मी.
लवकर ठरवा सायेब."

सचिवांना फोन लावला.
पुढील आदेशापर्यंत जैसे थे, असं सांगितलं त्यांनी.
जैसे थे म्हणजे इलाही उभा.

तो थोडा वेळ उभा राहिला.
मग दोन पावलं चालून आला, वाकला,
आणि रवा माझ्या टेबलावर ठेवला,
सोमवारच्या आणि गुरुवारच्या कागदावर.
टेबल कुरकुरलं. मगदूम गप्प झाले.
इलाही नळावर हात धुवायला गेला.

श्रावणातला गूळ, शीतगृहातून काढलेला,
घाम फुटतोच त्याला.
संध्याकाळी चौघांनी रवा उचलला, तेव्हा दोन्ही कागद
एक झाले होते.
उजेडात धरले तर अक्षरांतून अक्षरं दिसत,
ब्लेडनं सोडवायला गेलो
तर सोमवारचा 'बाहेर'
गुरुवारच्या 'स्थगिती'ला चिकटून निघाला.
बोट चाटलं. सवयच ती.

आवक रजिस्टरला दोन नंबर आहेत,
फायलीत एकच कागद, जाड, मुंग्या लागलेला.
वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात असाच नेऊ.

इलाहीची त्या एका रव्याची हमाली
अजून कुठल्याच खात्यावर पडलेली नाही.
रोज येता-जाता तो टेबलाखाली वाकून बघतो.
मीही काल पहिल्यांदा बघितलं:
दोन पाय गेटाच्या आत आहेत,
दोन बाहेर.